लग्नाचे पान आणि मांडवाची फुले

घरात लग्न ठरले, की पहिल्या आनंदाचा भर ओसरताच याद्यांना आरंभ होतो. आणि याद्यांबरोबर वादासही. लग्नात काही नवीन करावे, पंक्तीला नेहमीचेच पदार्थ नसावेत, मांडव इतरांच्या मांडवासारखा दिसू नये, अशी तरुण मंडळींची इच्छा असते. वडीलधाऱ्यांच्या मते लग्न हा संस्कार होय, त्यात नवलाईला जागा नाही, आणि पूर्वापार चालत आलेले पान व पूर्वापार चालत आलेली फुले हीच शोभून दिसतात. दोन्ही पक्षांचा आवेश समजण्यासारखा आहे. परंतु दोघांच्याही बोलण्याच्या मुळाशी एकच समजूत असते. ती ही, की लग्नाचे म्हणून एक ठरलेले जुने पान आहे आणि मांडवाची म्हणून काही ठरलेली जुनी फुले आहेत. ही समजूत इतिहासाला कितपत मान्य आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे. विषय घरगुती दिसला तरी क्षुल्लक नाही. कारण याच याद्यांच्या पायी अनेक कुटुंबांची वर्षानुवर्षांची शिल्लक एका दिवसात संपते.

प्रथम पानाकडे पाहू. महाराष्ट्रातील मध्यम वर्गाच्या घरी ज्याला 'लग्नाचे जेवण' म्हणून ओळखतात, ते बहुधा असे असते: मीठ, लिंबू, चटणी, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, बटाट्याची सुकी भाजी, अळूची पातळ भाजी, वरणभात, काजू घातलेला मसालेभात, पुरी, जिलबी आणि मठ्ठा. या पानाइतके आपले, घरचे व सनातन दुसरे काय असू शकेल, असे वाटते. परंतु एकेक पदार्थ हाती घेऊन त्याचे मूळ गाव विचारू लागलो, तर उत्तरे मोठी चमत्कारिक मिळतात. बटाटा हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा रहिवासी. त्याचे मराठी नावसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेले आहे. मसालेभातातील काजू ब्राझीलचा. तोही पोर्तुगीजांच्या गलबतांतून या किनाऱ्यावर उतरला. कोशिंबिरीतील दाण्याचे कूट ज्या भुईमुगाचे, तोही दक्षिण अमेरिकेचाच. आणि जिच्यावाचून चटणीची, किंबहुना आपल्या सबंध स्वयंपाकाची कल्पनाही करवत नाही, ती मिरची अमेरिका खंडाचा शोध लागण्यापूर्वी हिंदुस्थानात कोणीही चाखलेली नव्हती. गोवे पोर्तुगीजांच्या हाती गेले ते १५१० मध्ये. एकनाथांनी काशीस 'रुक्मिणीस्वयंवर' पुरे केले ते १५७१ मध्ये. महाराष्ट्रातील लग्नसोहळ्याचे इतके घरगुती व रसाळ तपशील ज्या ग्रंथात गुंफले गेले, त्याच्या काळी या नव्या वस्तूंचा प्रवेश किनाऱ्यावर नुकता होत होता. देशावरील स्वयंपाकघरात त्या रुळावयास अजून अवकाश होता.

आता पानातील मुख्य मानकरी जी जिलबी, तिचे घ्या. कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत राहून आपल्या खाण्यापिण्याच्या व नित्य वापराच्या वस्तूंचा इतिहास जुन्या पोथ्यांतून चिकाटीने शोधून काढला. जिलबीविषयीही त्यांनी लिहिले आहे. सुमारे १४५०च्या 'प्रियंकरनृपकथा' या जैन ग्रंथात एका श्रीमंताच्या घरच्या भोजनप्रसंगी तिचा उल्लेख येतो. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने 'भोजनकुतूहल' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला, त्यातही जिलबी आहे. मात्र तिच्या नावाचा संबंध अरबी व फारसी भाषांतील 'झुलाबिया', 'झुल्बिया' या शब्दांशी लावला जातो. म्हणजे पश्चिम आशियातून निघालेला हा पदार्थ येथे आला, संस्कृत ग्रंथांत बसला, आणि अखेरीस लग्नाच्या पंक्तीत यजमानीण होऊन वाढू लागला. त्याला परका म्हणून कोणी अडविले नाही. आणि आज तर त्याच्यावाचून पंक्ती सुनी वाटते.

याचा अर्थ आपल्या पानात आपले असे काहीच नाही, असा मात्र कोणी करू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ज्ञानकोशासारखा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या उपभोगांचे वीस प्रकार सांगितले असून त्यांत अन्नभोग, तांबूलभोग आणि माल्यभोग हे वेगवेगळे वर्णिले आहेत. अन्नभोगात मंडक, पोलिका, पूरिका, वटक आणि दह्याची शिखरिणी ही नावे येतात. आपल्या मांड्यांत, पोळीत, पुरीत, वड्यात आणि श्रीखंडात ती ओळखू येण्याजोगी आहेत. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांचे टिकाऊ असे काही आपल्या पानात नक्कीच आहे. माझ्या दृष्टीने या ग्रंथातील आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अन्न, विडा आणि फुलांची माळ यांचा विचार तेथे एकाच मालिकेत केला आहे. पाहुण्याचा सत्कार म्हणजे त्याच्या जिव्हेला, घ्राणाला आणि दृष्टीला एकदमच दिलेले सुख, ही दृष्टी त्यामागे आहे. लग्नाच्या यादीत अन्न आणि फुले शेजारी शेजारी येतात, ती उगीच नव्हेत.

फुलांचाही इतिहास पानासारखाच आहे. लग्नघराच्या दारावर आंब्याच्या पानांबरोबर ओवला जाणारा झेंडू आपल्याकडे मंगलतेची खूण मानला जातो. तो मूळचा मेक्सिकोचा. तेथील लोक आजही मृतांच्या स्मरणाच्या दिवशी याच केशरी फुलांनी थडगी शृंगारतात; येथे तेच फूल नववधूच्या स्वागताला उभे राहते. फुलाचा अर्थ त्याच्या पाकळीत नसतो, तो माणसांनी त्याला दिलेला असतो, हे यावरून दिसून येते. रात्री दरवळणारा निशिगंध, ज्याच्या छड्यांचे गुच्छ आणि कळ्यांचे हार आज सर्वत्र दिसतात, तोही मेक्सिकोचाच. याउलट मोगरा, जाई, बकुळ, सोनचाफा, कोकणातील सुरंगी व अबोली ही आपली जुनी सोबतीण फुले. आंब्याची डहाळी, केळीचे खांब आणि विड्याची पाने तर त्याहूनही जुनी. एकाच तोरणात आंब्याचे पान आणि झेंडूचे फूल शेजारी बसते, तेव्हा तेथे फार जुने व तुलनेने नवे यांची गाठ पडलेली असते. ती गाठ कोणाच्या लक्षात येत नाही, इतकी ती पक्की बसली आहे.

येथे एक प्रश्न सहजच उद्भवतो. इतके नवे पदार्थ व फुले आली, ती नेमकी लग्नाच्याच वाटेने का आत शिरली? याचे उत्तर लग्नाच्या पानाची श्राद्धाच्या पानाशी तुलना केली म्हणजे सापडते. श्राद्धाच्या स्वयंपाकात अनेक घरी बटाटा, कोबी, टोमॅटो वर्ज्य असतात. तेथे गवार, भोपळा, कारले, आले, आमसूल, वडे आणि खीर यांचेच राज्य. पितरांना जे ठाऊक होते तेच त्यांना वाढावे, अशी त्यामागे भावना असावी. म्हणून श्राद्धाच्या पानाने जुन्याची राखण केली. लग्नाचे प्रयोजन उलट आहे. तेथे दोन घरे प्रथमच एकत्र येतात, दूरदूरचे पाहुणे येतात, आणि आलेल्याने घरी परत जाऊन चार दिवस बोलावे अशी यजमानाची इच्छा असते. ज्या प्रसंगाने घरात नवे माणूस आणावयाचे, त्या प्रसंगी नव्या पदार्थाला दार बंद ठेवण्याचे कारणच काय? म्हणून वडीलधाऱ्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की लग्नात नावीन्य शोधणारी मुले परंपरा मोडीत नसून तिच्यातील एक फार जुनी चाल चालवीत आहेत.

हे नावीन्य पूर्वी कोठून येई? एक उगम दरबार हा होता. सवाई माधवरावांचे लग्न १७८३ मध्ये पुण्यास झाले, तेव्हा पेशवा नऊ वर्षांचाही नव्हता. नाना फडणिसांनी त्या सोहळ्याची व्यवस्था याद्या करून लावून दिली. नवरा मुलगा एवढा लहान असताना तो थाट त्याच्या हौसेसाठी नव्हता, हे उघड आहे. बारभाईंच्या कारस्थानातून आणि इंग्रजांशी झालेल्या युद्धातून राज्य सावरले आहे, हे जमलेल्या सरदारांना दाखवावयाचे होते. दरबारी पंक्तीतील साखरभात व केशरी भात पुढे सामान्य गृहस्थांच्या इच्छेचा विषय झाले, हे स्वाभाविकच होते.

परंतु दुसरा उगम याहून खोल व अधिक प्रामाणिक असून त्याची नोंद दप्तरांत फारशी सापडत नाही. तो म्हणजे घरातील बायकांचे हात. उडीदमुहूर्तापासून लग्नाच्या स्वयंपाकाला जो आरंभ होई, त्यात आठवडेच्या आठवडे शेजारपाजारच्या स्त्रिया एकत्र बसत. भिजविलेल्या रव्याच्या चिमटीएवढ्या गोळीपासून गव्हाच्या दाण्यासारखे गव्हले, नखाच्या आकाराचे नखुले, बोटांवर वळलेले बोटवे, तशाच मालत्या, असे प्रकार त्या करीत. वस्तू एकच, रवा. पण आकार किती! हेच रुखवताचे. वरपक्षाकडे पाठवावयाच्या फराळापासून सुरू झालेली ही रीत पुढे लाडू, करंज्या, कुरडया, सांडगे आणि साखरेची चित्रे यांच्या मांडणीपर्यंत गेली. ज्या काळी स्त्रीला आपली कल्पकता दाखविण्यास इतर क्षेत्रे बंद होती, त्या काळी रुखवताचे ताट हेच तिचे प्रदर्शनगृह आणि उखाणा हेच तिचे व्यासपीठ होते. तेथे नावीन्याला पैसा फार लागत नसे, वेळ आणि हात लागत. अर्थात तो वेळही कोणाच्या तरी आयुष्यातूनच येई, आणि त्या श्रमांचा हिशेब कोणी ठेवला नाही, हेही त्याबरोबरच सांगितले पाहिजे.

तिसरा उगम छापखान्याने उघडला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० मध्ये. आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये. सासरी जाणाऱ्या मुलीच्या सामानात पाकशास्त्राचे पुस्तक ठेवण्याची चाल यातूनच पडली. जी कृती एका घरच्या वडील बाईंच्या आठवणीत राहत असे, ती आता परप्रांतातील अनोळखी गृहिणीला मिळू लागली. एका जातीच्या व एका जिल्ह्याच्या स्वयंपाकघराची भिंत या पुस्तकांनी पाडली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

येथवरचे चित्र आनंदाचे आहे. परंतु या पानाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, आणि ती कर्जाची आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जरोखे जाळले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे हा प्रश्न आलाच, की रयत कर्जात बुडते ती लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे काय? साहेबलोकांचे व सावकारांचे हे आवडते मत होते. आयोगाने मात्र असा निष्कर्ष काढला, की लग्नखर्चाला या बाबतीत वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देण्यात आले आहे. कर्जाच्या खात्यात ती एक रक्कम असते खरी, पण कर्जाचे मूळ ती क्वचितच असते. हा निष्कर्ष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गरिबाने मुलीच्या लग्नात चार गोड घास वाढले म्हणून तो दरिद्री झाला, असे म्हणणाऱ्याने आधी सारा आणि व्याज यांचा हिशेब पाहावा. पण ज्याच्या डोक्यावर आधीच ओझे आहे, त्याला एवढी भरही पुरते, हेही तितकेच खरे.

या उठावाच्या दोन वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. पुरोहित नाही, थाट नाही. फुलांचे हार आणि पानसुपारी एवढ्यावर लग्न लागले. इतर सर्व काढून टाकल्यावर लग्नात काय उरते, हा प्रश्न त्या दिवशी व्यवहारात सोडविला गेला. आणि उरले ते वधूवरांचे वचन, एक फुलांचा हार आणि एक विडा. सोमेश्वराच्या वीस भोगांपैकी नेमके माल्य आणि तांबूल येथे राहिले, हा योगायोग असेल. पण राजाच्या उपभोगाची वस्तू येथे कोणालाही परवडणारी वस्तू झाली, हा योगायोग नव्हे. ती समजून केलेली निवड होती.

पुढे परिस्थितीनेही अशीच काटछाट करून पाहिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३च्या मे महिन्यात, मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि साखर व तांदूळ यांचे माप सरकारने ठरविले. स्वातंत्र्यानंतरही १९६०च्या दशकातील अन्नटंचाईत अनेक राज्यांनी समारंभांतील पाहुण्यांच्या संख्येवर निर्बंध घालणारे हुकूम काढले. शहरांतील मध्यम वर्गाने त्यातूनही वाट काढली. जेवणावळीऐवजी संध्याकाळचा स्वागतसमारंभ, हातात आइस्क्रीमची बशी, वेफर आणि पेढा. त्या पिढीतील कित्येकांच्या आठवणीत लग्न म्हणजे त्या थंड बशीची चव होय. टंचाईने जन्माला घातलेली ती कल्पना होती, आणि तिने पाहुण्यांचा अपमान झाला असे कोणाला वाटले नाही.

आता आपण आजच्या काळाशी येऊन ठेपलो. निर्बंध गेले, बाजार भरला, आणि पंगतीच्या जागी बुफे आला. मांडवासाठी मावळातील हरितगृहांतला गुलाब आणि जरबेरा मिळतो, परदेशची ऑर्किडे मिळतात. साधनांची ही समृद्धी वाईट नव्हे. पण मध्यंतरी एक बदल घडून आला आहे, त्याकडे लक्ष वेधणे अवश्य वाटते. पूर्वी लग्नातील फूल पाहुण्याच्या हाती जात असे. दाराशी गुलाबपाणी, अत्तर, बायकांना गजरा. तो माळून बाई घरी जाई आणि दुसऱ्या दिवशीही उशीला त्याचा वास येई. आता फुलांची भिंत उभी राहते, पाहुणा तिच्यासमोर छायाचित्र काढून घेतो, आणि मध्यरात्री ती भिंत गाडीत भरून फेकली जाते. अन्नाचेही तेच. पूर्वी यजमान पंक्तीतून फिरून आग्रह करी. त्या आग्रहाचा त्रासही होई, आणि त्याच पंक्तींत जातीजातींचे भेद कठोरपणे पाळले जात, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. बुफेने तो पंक्तिभेद पुष्कळ अंशी मोडला, हे त्याचे मोठेच उपकार आहेत. परंतु पन्नास पदार्थ मांडून ठेवले आणि वाढणारे कोणी नाही, तेव्हा ते पदार्थ पाहुण्यासाठी असतात की यजमानाच्या ऐपतीच्या जाहिरातीसाठी, असा संशय येऊ लागतो.

आतापर्यंतच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले, तर आत काय टिकले याचा एक नियम हाती लागतो. मिरची, बटाटा, झेंडू, निशिगंध ही टिकली. कारण ती येथील मातीत रुजली, गरिबाच्या परसातही आली, आणि कोणाच्याही हाताने कोणालाही देता आली. जिलबी टिकली, कारण एक कढई आणि एक कसबी हात असला, की शंभर पाने ती पुरवी. जे केवळ वैभव दाखविण्यासाठी होते, ते त्या त्या दरबाराबरोबर गेले.

मग ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी नवीन कल्पना शोधाव्या तरी कोठे? प्रथम पंचांगात, असे मी म्हणेन. मुहूर्तासाठी नव्हे, ऋतूसाठी. मार्गशीर्षातील लग्नाला शेवंती आणि झेंडू आहेत, पानावर ओल्या तुरीचे दाणे व नवा गूळ आहे. वैशाखातील लग्नाला मोगरा आहे, आमरस, पन्हे आणि फणस आहे. फाल्गुन-चैत्रात सिंधुदुर्गाकडे सुरंगीचे वळेसर मिळतात, ज्यांचा वास देशावरील कित्येकांनी जन्मात घेतलेला नसतो. दुसरे, आपल्याच प्रांताच्या नकाशात. खानदेशच्या लग्नातील वरणबट्टी व घोटलेली वांग्याची भाजी, उलट्या खापरावर भाजलेले मांडे. विदर्भातील आलूवांग्याची भाजी. सांगली-कोल्हापूरकडची खपली गव्हाची खीर. गोव्याचे तिरफळांच्या वासाचे खतखते. वसईच्या ख्रिस्ती घरांत लग्नात तळले जाणारे फुगे. हे सर्व पदार्थ कोणाच्या ना कोणाच्या लग्नाचे जुनेच पदार्थ आहेत. परंतु पुण्याच्या मांडवात खापरावरचा मांडा किंवा नागपूरच्या मांडवात खतखते ही परदेशी पदार्थांहूनही अधिक नवलाईची गोष्ट ठरेल. वधू एका जिल्ह्याची आणि वर दुसऱ्या जिल्ह्याचा असला, तर दोन्ही घरांचा एकेक पदार्थ त्या पानावर शेजारी बसवावा. दोन कुळांची गाठ पडली, हे त्याहून स्पष्ट कोणता मंत्र सांगणार? आणि तिसरे, घरातील वृद्ध स्त्रियांच्या आठवणीत. गव्हले वळू शकणारे हात आता थोडे उरले आहेत. लग्नाआधी एक दुपार त्यांच्यापाशी बसून, मुलांनी व मुलींनी दोघांनीही, ती कला शिकून घेतली, तर रुखवताला विकत आणलेल्या शोभेच्या वस्तूंची गरज राहणार नाही.

यादी करताना प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न लिहावा: हे आपण पाहुण्याला देत आहोत, की पाहुण्याला दाखवीत आहोत? ज्याचे उत्तर 'देत आहोत' असे येईल, ते कितीही नवे असो, खुशाल ठेवावे. ज्याचे उत्तर 'दाखवीत आहोत' असे येईल, ते कितीही जुने असो, त्यावर काट मारावी. अशाने यादी आखूड होईल, कर्ज हलके होईल, आणि मुलीच्या बापाला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शांत झोप लागेल. आपल्या पणजीच्या पणजीने केव्हातरी पहिल्यांदा बटाटा हाती धरून पाहिला असेल, भाजी कशी होईल याचा क्षणभर विचार केला असेल, आणि मग धीर करून ती पानात वाढली असेल. तिचा तो धीर आजच्या मुलामुलींच्या अंगी यावा, आणि वाढण्याची तिची आपुलकीही.